धुक्यातला रायगड, आपल्या डोळ्यांनी

पावसाळा सुरू झाला, की मोबाइलवर गडांचे फोटो यायला लागतात. पांढरंशुभ्र धुकं, त्यात बुडालेली काळी तटबंदी आणि कड्याच्या टोकाशी पाठमोरा, हात पसरून उभा असलेला कुणीतरी. नावं तेवढी वेगळी. रायगड, प्रतापगड, राजगड... फोटो मात्र एकच!

मैत्रिणींनो, हे फोटो पाहताना तुम्हाला कधी प्रश्न पडलाय का, की त्या सहलीला गेलेल्या बायका कुठे आहेत? त्या असतात की! फक्त चौकटीच्या बाहेर असतात. एकीच्या हातात डब्यांची पिशवी, दुसरीच्या कडेवर पेंगुळलेलं पोर, तिसरी सगळ्यांचे ओले रेनकोट सांभाळत उभी. फोटो काढणारे हात दुसऱ्याचे आणि फोटोतला गडही दुसऱ्यानंच पाहिलेला.

आम्हा महाड-पोलादपूरकरांच्या तर हा गड दाराशी आहे. महाडपासून रायगड जेमतेम पंचवीस किलोमीटर. माहेरवाशिणी आल्या, पाहुणे आले, शाळेची सहल निघाली, की गाडी पाचाडच्या रस्त्याला लागतेच. पण ‘तू काढलेला रायगडाचा एक फोटो दाखव’ असं कुणी म्हटलं, तर आपल्यापैकी किती जणींकडे निघेल? आता तर मोबाइलमुळे कॅमेरा प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. म्हणून आज बोलू या धुक्यातल्या रायगडाचे फोटो काढण्याविषयी, तेही आपल्या डोळ्यांनी.

हे धुकं येतं कुठून?

रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर उंच. समुद्र इथून सरळ रेषेत फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर. जून महिना लागला, की अरबी समुद्रावरून निघालेला ओला वारा खाड्या आणि भातखाचरं ओलांडून थेट सह्याद्रीला येऊन थडकतो. डोंगर वाट देत नाही, म्हणून वारा वर चढतो. वर गेला की थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात. खालून महाडकरांना जो ढग गडावर बसलेला दिसतो, त्याच्या पोटात शिरलं की त्यालाच आपण धुकं म्हणतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि कधी कधी त्याहूनही जास्त पाऊस का पडतो, त्याचं उत्तरही यातच आहे.

हे धुकं स्थिर नसतं. ते चालतं. महादरवाज्यातून माणसासारखं आत येतं, होळीच्या माळावर पसरतं, क्षणात सगळं पुसून टाकतं आणि अर्ध्या मिनिटात पडदा बाजूला सारावा तसं विरतं. फोटो काढणाऱ्यानं पहिली गोष्ट शिकायची ती इथे... धीर धरायचा! ‘काहीच दिसत नाही, चला खाली’ असं म्हणणारं घरचं कुणीतरी सोबत असतंच. त्यांना चहा पाजा आणि तुम्ही एका जागी दहा मिनिटं उभ्या राहा. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून ते वर यायची वाट बघण्याचा सराव आपल्याइतका कुणाला आहे?

छप्पर नसलेला राजवाडा

गडावर धुकं इतकं मोकळेपणी फिरतं, कारण त्याला अडवायला छपरंच नाहीत. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये शिवरायांनी घेतलेला रायरीचा हा डोंगर. हिरोजी इंदुलकरांनी त्यावर राजधानी उभी केली आणि ६ जून १६७४ या दिवशी इथे राज्याभिषेक झाला. पुढे मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या. तेव्हा दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. तोफगोळ्यांनी आग लागली आणि लाकडी खांब, तुळया, छपरं असं जळण्यासारखं जे होतं ते सारं जळून गेलं. उरली ती दगडी जोती, पायऱ्या, भिंती आणि तळी.

म्हणून नवख्या माणसाला रायगड पाहून थोडं चुकल्यासारखं होतं. ‘राजवाडा कुठाय?’ असं विचारतात. स्वच्छ उन्हात तर नजर सारखी लांब जाते. समोरचे डोंगर, खालची गावं, दरी. पायाखालचं जोतं दिसतच नाही. धुक्यात मात्र उलटं होतं. लांबचं सगळं झाकलं जातं आणि हाताच्या अंतरावरचं तेवढं उरतं. पावसानं भिजलेला काळा दगड अधिकच काळा होतो, त्याच्यावरची छिन्नीची खूण उठून दिसते, सांध्यातलं शेवाळ हिरवंगार होतं. म्हणूनच मला वाटतं, की धुक्याचा दिवस हा गडाचा फोटो बिघडवणारा दिवस नव्हे. तो गड जवळून दाखवणारा दिवस आहे.

मग काय टिपायचं?

पालखी दरवाजा, मेणा दरवाजा तर आहेतच. मेणा दरवाज्यातून आत गेलं, की राणीवशाची जोती रांगेनं लागतात. इथे जरा थांबा. उंबऱ्याची जागा बघा, पाणी वाहून जाण्यासाठी केलेली वाट बघा. महालांना जोडून शौचकूपांची सोय केलेली होती, साडेतीनशे वर्षांपूर्वी! आजही प्रवासाला निघताना ‘वाटेत सोय आहे का गं?’ हा ज्यांचा पहिला प्रश्न असतो, त्या आपल्याला या दगडांचं मोल वेगळं सांगायला नको. इतिहासाच्या पुस्तकात तलवारी पुष्कळ असतात. या मोऱ्या, हे उंबरे टिपायचं काम आपण करू या.

बाजारपेठेत दोन्ही बाजूंना बावीस-बावीस दुकानांची जोती आहेत आणि मधून चाळीस फुटी रस्ता. धुक्यात या रस्त्याचं दुसरं टोक दिसत नाही. दुकानांची रांग पांढऱ्यात विरघळत जाते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो घ्या आणि कुणाला तरी दहा-पंधरा पावलं पुढे चालायला सांगा. लाल किंवा पिवळी साडी, छत्री, इरलं असं काही असलं तर फारच छान. धुक्यात रंग फिके पडतात, म्हणून एकच ठसठशीत रंग सगळ्या चित्राला जीव आणतो. शिवाय माणूस शेजारी असला, की जोतं केवढं मोठं आहे, तेही कळतं.

गंगासागर तलावाच्या काठचे बारा कोनांचे दोन मनोरे हा धुक्यातला सर्वांत देखणा विषय. एक मनोरा जवळ, दुसरा थोडा मागे. जवळचा गडद दिसतो, मागचा फिका. चित्रकार ज्याला खोली म्हणतात, ती धुकं फुकटात देतं. राजसभेत गेलात तर मोबाइल जरा वेळ खिशातच असू द्या. सिंहासनाच्या जागेपाशी हलक्या आवाजात बोललेलं नगारखान्याच्या दारापर्यंत ऐकू जातं, ही इथल्या बांधणीची करामत. धुक्यात डोळ्यांचं काम कमी झालं, की कान जागे होतात.

आणि जगदीश्वराच्या देवळापाशी गेलात, तर एक पायरी वाकून बघा. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ अशी अक्षरं तिच्यावर कोरलेली आहेत. सगळा गड बांधणाऱ्यानं नाव कोरलं ते पायरीवर, जिथे भक्तांची पावलं पडतील. ओल्या दगडावर ही अक्षरं टिपायची तर सरळ वरून नको. मोबाइल पायरीच्या जवळ, थोडा तिरका धरा. अक्षरांच्या खाचा सावलीनं उठून येतात.

तंत्र अगदी थोडं

‘मला त्यातलं काही कळत नाही गं,’ असं म्हणू नका. चुलीचा जाळ डोळ्यांनी जोखणाऱ्या बाईला उजेड कळतोच. धुक्यात एक गंमत होते. समोर सगळं पांढरं दिसलं, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, म्हणून तो फोटो काळपट करतो. परिणामी पांढरं धुकं राखाडी, मळकट दिसतं. त्यावर उपाय सोपा. बहुतेक मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट टेकवलं, की एक चौकोन आणि त्याच्याशेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते थोडंसं वर सरकवा, धुकं उजळेल. फार सरकवलंत तर मात्र सगळंच चुन्यासारखं होईल.

दुसरं, बोट टेकवायचं ते धुक्यावर नाही, तर दगडाच्या कडेवर किंवा कमानीच्या काठावर. नुसत्या पांढऱ्यात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही आणि फोटो पुसट येतो. तिसरं, फ्लॅश बंद. फ्लॅशचा उजेड हवेतल्या थेंबांवरच पडून परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके दिसतात. आणि चौथं म्हणजे लेन्सवरची वाफ. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या किंवा चहाच्या टपरीत उकळत्या पातेल्याजवळ गेलं, की गार काचेवर वाफ धरते. ओल्या पदरानं ती पुसू नका. पाच मिनिटं थांबा, काच बाहेरच्या हवेशी जुळली की वाफ आपोआप जाते.

ताकवालीचा गड

गडाच्या वाटेवर सुमारे चौदाशे-पंधराशे पायऱ्या आहेत. १९९६ पासून रोपवे झाला आणि ज्यांचे गुडघे बोलतात त्यांचीही सोय झाली. आपण एकदा चढलो, की आठवडाभर पोटऱ्या चोळत बसतो. पण खालच्या वाड्यांमधल्या बायका आजही ताक, लिंबूसरबत, काकड्या घेऊन गड चढतात. पावसाळ्यात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, भिजू नये म्हणून पोटाशी धरलेली पाटी आणि धुक्यातून आधी आवाजच येतो, ‘ताक घ्या, ताक!’ माणूस मागून दिसतं.

फोटो काढायचा तर हाच काढावा, असं कुणालाही वाटेल. पण आधी विचारा. ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का?’ कुणी पदर सारखा करून उभी राहील, कुणी म्हणेल, ‘आमचा कशाला? गडाचा काढा.’ नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली, तर महाडच्या स्टुडिओत त्याची एक प्रत काढून पुढच्या खेपेला तिच्या हातात द्या. दिवसभरात कितीतरी अनोळखी मोबाइल तिच्यावर रोखले जातात. तिच्या घरी त्यातला एकही फोटो पोचत नाही.

ताकवालीला पाहिलं की हिरकणी आठवतेच. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, मिटलेले दरवाजे आणि तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली आई. ही लोककथा आहे, पण गंगासागराच्या पश्चिमेला पुढे आलेल्या चिंचोळ्या कड्याचं नाव हिरकणीचंच आहे, पायथ्याची वाडी हिरकणीवाडी आहे आणि एसटीच्या स्थानकात बाळाला पाजायला जागा केली, तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात. या बुरुजाचा फोटो बहुतेक जण वरून, दरीकडे तोंड करून काढतात. एकदा तो खालून, वाडीतून काढून बघा. धुक्यातून मधेच डोकावणारा तो सरळसोट कडा पाहिला, की ही कथा आयाबायांनी इतकी वर्षं का जपली, ते शब्दांवाचून समजतं.

परतताना पाचाडला थांबायला विसरू नका. गडावरची गार, दमट हवा उतारवयात जिजाऊंना मानवेना, म्हणून पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. लेकाचा राज्याभिषेक डोळे भरून पाहिला आणि अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर त्या गेल्या. वाड्याच्या पडक्या भिंती, तिथली विहीर आणि जवळच त्यांची समाधी. वर ढगात हरवलेला गड आणि खाली आईचं घर एकाच चौकटीत बसवता आलं, तर त्या फोटोला वेगळ्या मथळ्याची गरजच नाही.

फोटोवर नाव कुणाचं?

होमाई व्यारावाला हे नाव ऐकलंय? नवसारीला १९१३ मध्ये जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे क्षण टिपले. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापले गेले ते पतीच्या नावानं! २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज नाव छापायला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही घरच्या ग्रुपवर आपण काढलेला फोटो ‘आमच्या ह्यांनी काढला’ म्हणून फिरतो आणि आपण गप्प बसतो, असं होतंच ना?

गडाचे फोटो काढण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. गो. नी. दांडेकरांनी लेखणीबरोबर कॅमेराही गडोगडी नेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात रायगड आहे आणि शेजारचा प्रतापगडही. आता जगभरातून कॅमेरे येतील. त्यात पाचाडच्या, महाडच्या, पोलादपूरच्या बाईनं पाहिलेला गड नसावा, हे काही बरं नाही.

कारण धुक्याची दुसरी बाजू तीच जाणते. बाहेरून येणाऱ्याला हे वातावरण ‘रोमँटिक’ वाटतं. इथल्या माणसाचा मात्र पाऊस चार दिवस थांबला नाही, की जीव खालीवर होतो. २२ जुलै २०२१ ला महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडी आल्या. पूर ओसरल्यावर महाडच्या घराघरांतून जो चिखल बाहेर काढला, त्यात लग्नांचे, बारशांचे अल्बमही होते. भांडी पुन्हा आली, गाद्या पुन्हा आल्या. पण गेलेल्या आईचा एकुलता एक फोटो कुठल्या दुकानात मिळायचा? आपल्या भागात फोटो ही हौस नाही, तो ठेवा आहे, हे त्या चिखलानं शिकवलं.

म्हणूनच फोटोपायी जीव पणाला लावायचा नाही. ७ जुलै २०२४ ला रायगडावर इतका पाऊस कोसळला, की पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी धावलं आणि पर्यटक अडकून पडले. त्यानंतर काही दिवस प्रशासनाला पायरीमार्ग बंद ठेवावा लागला. त्याच महिन्यात माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रण करताना एका तरुणीचा दरीत पडून जीव गेला. धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही, ओलं शेवाळ साबणासारखं असतं आणि स्क्रीनकडे बघत मागे सरकणाऱ्याला पाठीला डोळे नसतात. टकमक टोकाचा फोटो कठड्याच्या आतूनच काढा. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी गड उद्यावर टाका. तो साडेतीनशे वर्षं थांबलाय, आणखी आठवडाभर थांबेल.

ज्यांना चढवत नाही, त्यांनीही मन खट्टू करू नये. महाडजवळची गांधारपाले लेणी आहेत, शिवथरघळ आहे, पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. धुकं तिथेही येतं.

आणि फोटो काढून झाले, की ते मोबाइलच्या पोटात ठेवून विसरू नका. त्यातले चांगले चार निवडा, कागदावर छापून घ्या. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे. मागे पेनानं लिहा... जागा, तारीख, फोटोत कोण आहे ते आणि शेवटी, फोटो कुणी काढला ते. स्वतःचं पूर्ण नाव, न लाजता!

पर्समध्ये एवढं असू द्या

• दोन सुती रुमाल, एक लेन्ससाठी आणि एक हातांसाठी. लेन्सचा रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा.
• मोबाइलसाठी बंद होणारी पारदर्शक पिशवी. नव्या चपलांच्या खोक्यात येणारी पांढऱ्या दाण्यांची पुडी त्यात टाका, ती ओल शोषून घेते. मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.
• पूर्ण चार्ज केलेला मोबाइल.
• दातेरी तळव्यांचे बूट. साध्या चपला पावसाळ्यात नकोतच.
• रोपवेनं जाणार असाल तर आधी चौकशी करा. वारा जोराचा असला की तो बंद ठेवतात.
• गड संरक्षित वास्तू आहे. जोत्यांवर चढणं, दगडांवर नावं कोरणं, परवानगीशिवाय ड्रोन उडवणं चालत नाही. आपलं नाव फोटोच्या मागे लिहायचं, गडाच्या भिंतीवर नाही.